फळी, बेल्ट आणि सहाशे किलो

ठाण्याजवळच्या दिव्यात मालवाहतूक करणाऱ्याला खराब रस्ता शोधायला सह्याद्रीत जावं लागत नाही. शीळफाट्याहून आत वळलं की मोठा रस्ता बरा असतो. दातिवली, आगासन, बेतवडे, म्हातार्डी या बाजूच्या चाळींकडे गाडी वळवली की खरं काम सुरू होतं. माल ठाण्याहून येवो की भिवंडीच्या गोदामातून, शेवटचे दोन-तीनशे मीटरच ड्रायव्हरचा घाम काढतात. हा सगळा पट्टा खाडीच्या अंगाचा. पूर्वी इथे भातशेती, खाजण आणि खारफुटी. घरांची मागणी वाढली तशी त्यावर मुरूम आणि पाडकामाचा राडारोडा टाकून भरणी झाली आणि भरणीवर चाळी उभ्या राहिल्या. मे महिन्यात ही जमीन खणखणीत असते. जुलैत वरचा चार-सहा इंचांचा थर तसाच टणक दिसतो, पण खाली गाळ सुटलेला असतो. माणूस चालत जातो, मोटारसायकल जाते, रिक्षाही जाते. मागून भरलेला टेम्पो आला की त्याचं मागचं चाक आत.

डिझेल टेम्पोवर मी याच गल्ल्यांमध्ये बरीच वर्षं काढली. मे २०२२ मध्ये टाटांनी आपल्या छोट्या हत्तीची विजेवरची आवृत्ती, एस ईव्ही, जाहीर केली. पुढे तशी एक मी घेतली. हिरव्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी दारात उभी राहिली तेव्हा चाळीतल्या पोरांनी पहिल्यांदा विचारलं ते हॉर्नचं, कारण गाडी चालू आहे की बंद हेच त्यांना कळेना. मला मात्र आकड्यांची काळजी होती. बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची, टॉर्क १३० न्यूटन-मीटर, चढ २२ टक्क्यांपर्यंत, आणि माल ६०० किलो. एका चार्जमध्ये १५४ किलोमीटर हा चाचणीतला आकडा. भरल्या गाडीने, पावसात, शीळफाट्याच्या गर्दीतून जाताना त्याहून कमी धरूनच फेरी आखावी लागते. २०२४ मध्ये एक टन माल नेणारी गाडीही आली, पण माझी सहाशेची.

हे सहाशे किलो नीट समजून घेतले पाहिजेत. आमच्याकडे पाण्याचे जार ही रोजची गरज. वीस लिटरचा एक जार म्हणजे ढोबळमानाने वीस किलो, म्हणजे तीसेक जार झाले की गाडी भरली. सिमेंटच्या गोण्या धरल्या तर बारा. यापेक्षा एक किलो जास्त टाकला तर गाडी ओरडून सांगत नाही. ती मुकाट्याने बसते, आणि बसते ती नेमकी त्या मऊ थरावर. त्यात बॅटरीचं वजन चासीला खाली टांगलेलं. वळणावर त्याचा फायदा होतो, गाडी कलत नाही. चिखलात मात्र ते वजन आधीच तुमच्याबरोबर आलेलं असतं आणि ते उतरवून ठेवता येत नाही.

गाडी आली तसा माझा भाचा मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ दाखवायला लागला. तिकडच्या विजेवरच्या पिकअप पाहून छाती दडपते. जीएमसीची हमर ईव्ही रिकामीच चार टनांवर जाते. तिच्यावर लोक काय काय चढवतात! पुढे विंच, टपावर तंबू, मागे स्वयंपाकाचा कट्टा, बाजूला रंगीत प्लास्टिकच्या फळ्या, माणसाच्या उंचीचा जॅक. ‘मामा, आपणपण पुढे विंच लावू,’ भाचा म्हणाला. मी त्याला विंचचं वजन, तिला बसवायच्या लोखंडी चौकटीचं वजन आणि पुढच्या पाट्यांवर येणारा भार मोजायला सांगितलं. मग विचारलं, ‘विंचची तार बांधणार कुठे? तिकडे झाड असतं, खडक असतो. आपल्या गल्लीत एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी बाथरूमची चार इंची भिंत.’ भाचा हसला आणि विषय संपला. शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालत नाही, आणि पुढे लावायच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलं होतं.

त्या संध्याकाळी मी स्वतःला एक नियम घालून घेतला. गाडीत कायमचं राहणारं सामान एका सिमेंटच्या गोणीच्या निम्म्याहून जास्त व्हायचं नाही. पंचवीस किलो. म्हणजे सव्वा जार. जी वस्तू आत येईल तिने आपल्या वजनाचं भाडं भरलं पाहिजे. एवढं ठरल्यावर दुकानातल्या अर्ध्या वस्तू आपोआप गळतात.

यादीत पहिली वस्तू गमबूट. हसू येईल, पण रुतलेल्या गाडीचं निम्मं काम खाली उतरून पाहण्याचं असतं, आणि चपलेवरचा माणूस खाली उतरायचं टाळतो. तो सीटवरूनच पाय दाबत बसतो आणि चाक आणखी खणत जातं. त्यात मोटरचा स्वभाव असा, की शून्यापासूनच पूर्ण टॉर्क मिळतो. डिझेलला जोर धरायला क्षणभर लागतो, इथे पाय टेकला की चाक भिरभिरलं. कोरड्या चढावर हे वरदान आहे, गाळात नाही. म्हणून आधी उतरायचं, चारही चाकं पाहायची, बॅटरीची पेटी जमिनीपासून किती वर राहिली ते वाकून पाहायचं. पेटी टेकलेली नसेल तर गाडी स्वतः निघते. टेकली असेल तर ओढायला कुणीतरी हवं. पुढचं सगळं या एका पाहणीवर ठरतं.

दुसरी वस्तू बांबू. कमरेएवढा, वेलदोड्याच्या रंगाचा साधा बांबू, त्यावर माझ्या चाकाच्या अर्ध्या उंचीवर तांबड्या रंगाची पट्टी. पाणी साचलेल्या जागी मी आधी तो टेकवत चालतो. पाणी पट्टीच्या वर गेलं की गाडी मागे. बांबूने खोली कळते, तळ टणक आहे की मऊ ते कळतं, आणि पाण्याखाली गटाराचं झाकण जागेवर आहे की नाही तेही कळतं. बॅटरी आयपी ६७ आहे, मग पाण्याला कसली भीती, असं पुष्कळजण म्हणतात. ती चाचणी काय आहे हे समजून घ्यावं. स्थिर ठेवलेली वस्तू एक मीटरपर्यंतच्या गोड्या पाण्यात अर्धा तास राहिली आणि आत अपाय होईल इतकं पाणी शिरलं नाही, एवढंच त्यात पाहतात. आमच्याकडे भरतीच्या वेळी पाऊस लागला की गटारातलं पाणी खाडीत उतरत नाही, उलटं वर येतं, आणि ते खारट असतं. खारं पाणी कनेक्टरला, नटबोल्टला, ब्रेकच्या भागांना हळूहळू खातं. म्हणून पावसाळ्यात मी पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीची वेळही पाहतो. खारट पाण्यातून जावंच लागलं तर घरी आल्यावर खालून साध्या नळाच्या पाण्याने गाडी धुतो. सर्व्हिस सेंटरसारख्या जोराच्या फवाऱ्याने धूत नाही, कारण आयपी ६७ मध्ये तशा फवाऱ्याची चाचणी धरलेली नसते.

तिसरी वस्तू चाकाखाली टाकायची. परदेशातल्या त्या रंगीत फळ्यांचा पूर्वज लष्करातला आहे. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या जमिनीवर विमानं उतरवायला अमेरिकी सैन्याने भोकं पाडलेले पोलादी पत्रे एकमेकांत अडकवून धावपट्ट्या केल्या. १९४१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या मार्स्टन गावाजवळ ते पहिल्यांदा वापरले म्हणून त्यांना मार्स्टन मॅट म्हणतात. दहा फुटांचा एक पत्रा तीस किलोंचा. युद्धानंतर उरलेले पत्रे वाळवंटात जीप काढायला कामी आले आणि मग त्यांच्या हलक्या नकला निघाल्या. माझ्या हिशेबात पोलाद बसत नव्हतं आणि प्लास्टिकची जोडी खिशात बसत नव्हती. भिवंडीत भंगारवाल्याकडे कन्व्हेयर बेल्टचा जाड रबरी तुकडा मिळाला. कापडाचे थर असलेला, एका बाजूने खरखरीत. हातभर रुंद आणि तीन हात लांब असे दोन पट्टे कापून घेतले आणि प्रत्येकाच्या एका टोकाला भोक पाडून नायलॉनची दोरी बांधली. दोरी यासाठी, की गाडी निघाली की पट्टा चिखलात गाडला जातो. दोरी वर राहिली तर ओढून काढता येतो. बारदानाची गोणीही चालते, पण ओली गोणी चाक एकदाच धरते, दुसऱ्या वेळी चाकाला गुंडाळली जाते.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते आगासनच्या बाजूच्या एका गल्लीत नीट दिसलं. ऑगस्टातला पाऊस, गाडीत जार, आणि चाळ समोर दिसत असताना डावं मागचं चाक रिंगपर्यंत आत गेलं. पेटी अजून चार बोटं वर होती. ओटीवर छत्री घेऊन बसलेले एक आगरी आजोबा माझ्याआधीच म्हणाले, ‘भाऊ, पयलं वजन उतरव, मंग गारी निंगल.’ मी फाळका उघडला आणि चाळीकडे हाक दिली, ‘काकू, आज जार इथूनच न्या!’ दोघी-तिघी आल्या, मग त्यांच्या मागून पोरं आली, आणि ज्याचे त्याने जार नेले. तक्रार झाली ती एवढीच, की ‘दादा, दारात आणायचे पैसे घेता आणि वाटेतच वाटता.’ निम्म्याहून जास्त माल उतरला तशी गाडीची मागची बाजू पाट्यांवर चांगली वर आली. मी चाकाच्या पुढची माती फावड्याने उतरती खणली. चाकासमोर उभी भिंत राहिली तर पट्टा कितीही चांगला असो, चाक त्यावर चढत नाही. पट्टा चाकाच्या अगदी खाली सरकवला, स्टिअरिंग सरळ केलं, गाडी इको मोडवर ठेवली आणि पाय नुसता टेकवला. रबरावर टायर एकदा चर्रकन घासला, मग धरला, आणि गाडी टणक जागेवर येऊन थांबली. मग पोरांनी दोरी ओढून पट्टा बाहेर काढला, आणि त्यांना गाडीपेक्षा त्यातच जास्त मजा आली.

यात सगळ्यात मोठं हत्यार कोणतं होतं? मालाचं वजन कमी करणं. ते दुकानात मिळत नाही आणि गाडीत जागाही घेत नाही. ज्या गिऱ्हाइकांशी बोलणं-चालणं आहे त्यांच्याच चाळीत ते जमतं.

चौथी वस्तू हवा. टायरमधली थोडी हवा उतरवली की टायर जमिनीला जास्त लांबीने टेकतो आणि वजन पसरतं. वाळूत जीपवाले हवा निम्म्यावर आणतात. मालवाहू टायरला तसं चालत नाही. भार असताना हवा फार कमी केली तर टायरच्या बाजूची भिंत दुमडते, तापते आणि फाटते. मी मोजून चौथा हिस्सा उतरवतो, तेवढ्या हवेवर माणसाच्या चालीने बाहेर येतो आणि टणक रस्त्यावर लगेच पुन्हा भरतो. म्हणून हवा मोजायचा गेज आणि बारा व्होल्टचा छोटा पंप या दोन वस्तू जोडीनेच घ्यायच्या. नुसता पंप असेल तर अंदाजाने भरणं होतं, आणि नुसता गेज असेल तर कमी हवेवर पंक्चरवाल्यापर्यंत जावं लागतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. विजेच्या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते आणि गाडी जागी होते ती तिच्यावर. गाडी बंद ठेवून पंप चालवत बसलं तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. पंप लावताना गाडी चालू ठेवायची.

पाचवी वस्तू जॅक आणि त्याच्याखालची पाटी. बाटली जॅक गाडीचं वजन सहज उचलतो, पण गाळात गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. जाड शटरिंग प्लायचा फूटभर चौकोन खाली ठेवला की काम होतं. जॅक लावायचा तो आसाखाली, पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. आमच्याकडे पंक्चर काढणारी पोरं हुशार आणि हात चपळ, पण सवयीने जिथे सपाट दिसेल तिथे जॅक लावतात. या गाडीत सगळ्यात सपाट दिसते ती बॅटरीची पेटी. म्हणून मी पेटीच्या दोन्ही बाजूंना चासीवर पांढऱ्या रंगाने फुली मारून ठेवली आहे. नारिंगी रंगाच्या केबलला हात लावायचा नाही, हेही गाडीजवळ येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगतो. त्यात जिवावर बेतेल एवढा दाब असतो.

सहावी वस्तू बेल्ट, आणि इथे घाई नको. मुंबईत नागदेवीला क्रेनच्या सामानाच्या दुकानांत पॉलिस्टरचे बेल्ट मिळतात. त्यांचा रंगच त्यांची ताकद सांगतो. जांभळा एक टनाचा, हिरवा दोन, पिवळा तीन, राखाडी चार, तांबडा पाच. हा आकडा सुरक्षित भाराचा असतो, तुटायचा भार त्याच्या कितीतरी पट वर. भरलेल्या छोट्या हत्तीला पिवळा पुरतो. मात्र पॉलिस्टर फार ताणला जात नाही, त्यामुळे तो सावकाश ओढायला आहे, हिसका द्यायला नाही. हिसक्याने काढायची पद्धत वेगळी. तिला ताणला जाणारा नायलॉनचा दोर लागतो आणि दोन्ही गाड्यांचे हुक तेवढे दणकट लागतात. मला ती पद्धत गल्लीत नकोच, कारण भोवती माणसं असतात. साखळी किंवा लोखंडी तार तर मी बांधूच देत नाही. तुटलेलं टोक कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. बेल्टाबरोबर दोन डी-शॅकल, आणि ओढताना बेल्टावर मधोमध टाकायला एक ओली गोणी, म्हणजे बेल्ट सुटलाच तर त्याची उसळी कमी होते.

टोचन करून गाडी गॅरेजपर्यंत न्यायची जुनी सवयही इथे सोडावी लागते. मोटर मागच्या चाकांशी कायम जोडलेली असते. चाकं रस्त्यावर फिरली की मोटर फिरते, आणि फिरणारी मोटर वीज तयार करू शकते. चिखलातून टणक जागेपर्यंत चार-दहा मीटर न्यूट्रलमध्ये हळू ओढणं वेगळं, आणि शीळफाट्यापर्यंत ओढत नेणं वेगळं. लांब न्यायचं असेल तर गाडी दुसऱ्या गाडीच्या डाल्यावर चढवून न्यायची, नाहीतर निदान मागची चाकं उचलून.

अंधारातल्या कामासाठी डोक्याला बांधायची विजेरी, एक घडीचं फावडं, आणि मालाला आग लागली तर दोन किलोचं पावडरचं अग्निशामक नळकांडं. बॅटरीच पेटली तर त्या नळकांड्याने विझत नाही. तेव्हा माणसांना दूर करायचं, आणि अग्निशमन दलाला फोन करताना गाडी विजेची आहे हे आधी सांगायचं. ताडपत्री आणि दोरखंड मी यादीत धरत नाही. ते मालाचंच सामान.

काय घेतलं नाही तेही सांगतो. एका फॅब्रिकेटरने पेटीखाली जाड पत्र्याचं संरक्षण वेल्ड करून देतो म्हणून फार आग्रह केला. काम छान करतो तो. पण विजेच्या गाडीच्या चासीवर असं सरसकट वेल्डिंग करणं इलेक्ट्रॉनिक्सला आणि बॅटरीला धोक्याचं, वर हमीचा प्रश्न. आणि पत्रा म्हणजे पुन्हा वजन. ज्या दगडापासून तो पेटी वाचवणार, त्या दगडाच्या आणखी जवळ तो गाडीला नेणार. टपावरची दिव्यांची पट्टी घेतली नाही, मोठे टायरही घेतले नाहीत. रुंद टायरने रेंज कमी होते आणि आरटीओत प्रश्न निर्माण होतात.

कधीकधी नवे ड्रायव्हर भेटतात. विजेची गाडी घेतलेली किंवा घ्यायच्या विचारात असलेली डोंबिवली-कल्याणकडची पोरं. दिव्याच्या फाटकाशी थांबलेलो असताना शेजारून काच खाली करून विचारतात, ‘दादा, गाडीत काय काय ठेवू?’ मी त्यांना यादी देत नाही. कुठे माल टाकतोस ते विचारतो. पलावाच्या टॉवरमध्ये टाकत असशील तर गेज, पंप आणि जॅकवर भागेल. खाडीच्या अंगाला जात असशील तर पट्टे आणि बांबू आधी घे. तळोज्याच्या कारखान्यात जात असशील तर तिथे लोखंडाचे कपटे फार, पंक्चर किट चांगलं घे. सगळ्यांना चालणारी यादी फक्त विकणाऱ्याकडे असते.

आणि ही यादी वाढण्याऐवजी घटली पाहिजे. माझ्याकडे सुरुवातीला एक लोखंडी पहारही होती, दगड हलवायला. ज्या दोन गल्ल्यांसाठी ती ठेवली होती तिथे काँक्रीट झालं, तशी मी ती घरी उतरवली. फावडं अजून लागतं. उरलेल्या गल्ल्याही पक्क्या झाल्या की तेही उतरवीन, मग पट्टे, मग बेल्ट. सगळं उतरलं की गाडीत आणखी एक जार बसेल.